पिकअपचा मागचा ॲक्सल उघडलाय, कंपनीचा माल टाकायचा का बाहेरचा?

मागून हूंऽऽ आवाज येतोय म्हणून गाडी गॅरेजला लावली की मिस्त्री हौसिंग, म्हणजे ॲक्सलचं बाहेरचं लोखंडी कवच, खोलायच्या आधीच विचारतो, शेठ कंपनीचं टाकू का लोकल? आणि आपण तिथंच गंडतो, कारण हा प्रश्न अख्ख्या ॲक्सलला एकदम विचारायचा नसतोच, एकेका पार्टला वेगळा विचारायचा असतो. माझी बोलेरो पिकअप, पिंपळगावहून वाशीला कांदा-टोमॅटोच्या ट्रिपा, म्हणजे कसारा घाट कायमचा पाठीशी, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हात पोळून झालेत.

बेअरिंगपासून सुरू करू. गाडीच्या कंपनीच्या डब्यात जे बेअरिंग येतं ते गाडीवाली कंपनी बनवत नाही, बेअरिंगवालेच बनवतात, आणि तेच लोक स्वतःच्या डब्यातही विकतात, एसकेएफ, टिमकेन, एनबीसी वगैरे, बहुतेक वेळा स्वस्तात. म्हणून जुनं बेअरिंग रॉकेलने धुऊन सोबत घेऊन जा, रेसच्या (बेअरिंगच्या लोखंडी कड्याच्या) कडेला नाव आणि नंबर कोरलेला असतो, तोच मेक तोच नंबर मिळाला तर कंपनीच्या डब्याचे जादा पैसे द्यायची गरज नाही. फक्त डुप्लिकेट बघून घ्या. एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, त्यावर फोटो पाठवून खरं-खोटं विचारता येतं.

ॲक्सल शाफ्टला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या आतल्या दांड्याला, मात्र आधी गाडी ओळखा. हबच्या मधोमध चाकाच्या नटांपेक्षा वेगळा, बोल्टांचा गोल फ्लँज दिसत असेल तर तो फुल फ्लोटिंग, वजन हौसिंगवर असतं, शाफ्ट फक्त चाक फिरवतो, तुटला तर गाडी जागेवर थांबेल पण चाक जाग्यावर राहील. चाकाचे बोल्ट थेट शाफ्टच्याच फ्लँजवर असतील तर सेमी फ्लोटिंग, म्हणजे लोडही शाफ्टवरच, बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकासकट बाहेर. तिथं मी लोकल टाकत नाही, विषय संपला. चांगल्या शाफ्टचा वरचा थर कडक केलेला असतो आणि आतला गाभा चिवट असतो, ते हीट ट्रीटमेंटचं काम डोळ्यांना दिसत नाही, रंग आणि स्टिकर तर कोणीही लावतो. स्वस्तातल्या शाफ्टच्या स्प्लाइन्स (टोकाच्या खाचा) पीळ खातात नाहीतर शाफ्ट खडूसारखा मोडतो.

क्राऊन पिनियन, म्हणजे डिफ्रन्शियलमधले मोठं आणि लहान गिअर, नेहमी जोडीनेच घ्या. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं आणि दोन्हीवर जोडीचा नंबर टाकलेला असतो, तो दुकानात काउंटरवरच मिळवून बघा. जुन्याचे दात मोजा, समजा क्राऊनला ४१ आणि पिनियनला ८ असतील तर नवीनही तेच पाहिजेत, नाहीतर गाडीची ओढही बदलते आणि स्पीडोमीटरही चुकीचा दाखवतो. इथं नावाजलेल्या मेकचा बाहेरचा सेट चालतो, पण खरं सांगू का, सेट चांगला असून शिम (पातळ चकत्या) आणि बॅकलॅश (दातांमधली फट) नीट न लावल्यामुळे बोंबललेले डिफ्रन्शियल जास्त पाहिलेत. मिस्त्री दातांना निळा रंग लावून छाप बघतो का ते बघा, नुसतं हाताने हलवून "बसलं" म्हणाला तर दुसरा मिस्त्री शोधा.

आता सील, ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी. एवढीशी वस्तू, आणि मी तिथंच कंजूषी केली. एका दुकानातनं बिनडब्याचं सील घेतलं, दीडशे-दोनशे वाचले असतील. महिन्याभरात घाट उतरताना ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायला लागली, ड्रम काढला तर आत गिअर ऑइलचा चिखल, ब्रेकचे लायनर भिजून काळे. लायनर नवे, सील नवं, मजुरी परत, आणि हंगामातले दोन दिवस गाडी उभी. तेव्हापासून सील कंपनीचंच. पण सील गळतंय म्हणून सीललाच शिव्या देण्याआधी हौसिंगवरचा ब्रीदर (हवा जायचं छोटं भोक) बघा, तो मातीने बुजला की आतली हवा तापून ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते, मग सोन्याचं सील टाका तरी गळणार. शाफ्टवर सील बसतं तिथं नख फिरवा, नख अडकलं म्हणजे चर पडलाय, तिथंही नवं सील टिकत नाही.

बाकी गॅस्केट, बंप स्टॉपर, पाट्यांचे बुश, यात बाहेरचा माल बिनधास्त टाका. प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट क्रॉसही चांगल्या मेकचा बाहेरचा चालतो, ग्रीस निपलवाला मिळाला तर उत्तमच. ॲक्सल पाट्यांना आवळणारे यू बोल्ट मात्र हलके नकोत, आणि लोड टाकून एक ट्रिप झाली की परत आवळून घ्या.

भंगारातनं अख्खा ॲक्सल आणायचा तिसरा रस्ता पण आहे, कुर्ल्यात वगैरे मिळतो, पण अॅक्सिडेंटच्या गाडीचा हौसिंग वाकलेला असू शकतो, तो टायर एका कडेने खातो आणि कारण काही केल्या सापडत नाही.

गिअर ऑइल जीएल-५ दर्जाचंच घाला, किती जाड ते मॅन्युअलमध्ये बघून. नवीन क्राऊन पिनियन असेल तर पहिलं ऑइल लवकर बदला, ड्रेन प्लगला बहुतेकदा चुंबक असतो त्यावर बारीक काळी पेस्ट चालेल, चकाकणारे तुकडे नकोत.

बिल पक्कं घ्या, पार्ट नंबर लिहिलेलं, वॉरंटीला तेच लागतं. आणि कंपनीचा रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नका, फाडून टाका, त्याच डब्यात उद्या डुप्लिकेट भरून कोणाला तरी विकतात, कदाचित तुम्हालाच.