फॅब अकॅडमीचा फायनल प्रोजेक्ट: या चुका टाळा

फॅब अकॅडमी, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करून मशीनवर वस्तू बनवायला शिकवणारा कोर्स. तिथे पहिल्याच आठवड्यात फायनल प्रोजेक्टचं स्केच मागतात. बरेच जण काहीतरी खरडून देतात आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. शेवटची बरीचशी धावपळ इथूनच सुरू होते.

कोर्सचा वेग मुळात दमवणारा. प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत १९९८ साली सुरू केलेल्या कोर्सवर हा बेतलेला आहे. जानेवारीपासून दर बुधवारी अमेरिकेच्या वेळेनुसार ऑनलाइन लेक्चर, पुढच्या बुधवारपर्यंत असाइनमेंट. (मार्चमध्ये अमेरिकेत घड्याळं पुढे सरकली की आपल्याकडे लेक्चर तासभर आधी येतं. त्या दिवशी उशिरा जॉइन होणारे दरवर्षी निघतातच.) अशा वेळापत्रकात फायनल प्रोजेक्टसाठी वेगळा वेळ निघत नाही. म्हणून आठवड्याच्या असाइनमेंटमधूनच त्याचा एकेक भाग बनवून घ्यायचा.

त्यासाठी कल्पना लहान हवी. पाणी, खत, हवामान आणि वर मोबाइल अ‍ॅप असलेली ‘स्मार्ट शेती’ नको. कुंडीतली माती सुकली की छोटा पंप चालू होतो, एवढं पुरे. लेझर कटिंगच्या आठवड्यात डबा, थ्रीडी प्रिंटिंगला नळीचा जोड, इनपुटच्या आठवड्यात ओलाव्याचा सेन्सर, आउटपुटच्या आठवड्यात पंप. वाय-फाय जमलं तर जमलं.

डबा कापताना ‘३ एमएम’ लिहिलेली शीट खरंच ३ मिलिमीटर आहे असं धरून चालू नका. कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावा. त्यात लेझरही थोडं मटेरियल खातो, त्यामुळे आधी चारपाच रुंदीच्या खाचांचा छोटा तुकडा कापून कोणती घट्ट बसते ते बघा. आणि पीव्हीसी लेझरखाली अजिबात नको, क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो.

बोर्ड मिलिंगला (तांब्याचा थर कोरून सर्किट बोर्ड बनवताना) ०.४ मिलिमीटरचं बिट वापरत असाल, तर दोन ट्रेसमधलं, म्हणजे तांब्याच्या दोन रेषांमधलं अंतर त्याहून जास्त ठेवा. कमी ठेवलंत तर सॉफ्टवेअर तिथला टूलपाथच (बिट फिरायचा मार्ग) गाळतं, ट्रेस जोडलेलेच राहतात आणि शॉर्ट सोल्डरिंग झाल्यावर सापडतो. एका बाजूला तांबं नीट निघालं आणि दुसरीकडे नुसता ओरखडा पडला, तर बिट बदलण्याआधी बोर्डाखालची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बघा. ती कुठेतरी दुमडलेली असण्याची शक्यता जास्त.

आता सगळ्यात जास्त रात्री खाणारा प्रकार. पंप आणि बोर्ड एकाच यूएसबीवर आहेत. माती सुकी, पंप चालू होतो, त्याच क्षणी बोर्ड रिसेट. प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून, माती अजून सुकीच, पंप पुन्हा चालू. नुसतं टक-टक ऐकू येतं आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. खरं तर मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि व्होल्टेज खाली येतं. ते इतकं क्षणभर असतं की मल्टिमीटरवर दिसेलच असं नाही. म्हणून पंपाला वेगळा अ‍ॅडॉप्टर द्या, दोन्हींचं ग्राउंड मात्र एकत्र जोडा. रिसेट थांबला तर गुन्हेगार सप्लायच. पंप मायक्रोकंट्रोलरच्या (बोर्डावरची प्रोग्रॅम चालवणारी चिप) पिनवर थेट कधीच नको. मध्ये मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) आणि पंपाच्या दोन टोकांवर उलटा डायोड हवाच.

डॉक्युमेंटेशन रविवारी रात्रीवर टाकू नका. बिघडलेल्या बोर्डाचा फोटो तेव्हाच काढा. नंतर ट्रेस खरवडून दुरुस्त केलात की दाखवायला काही उरत नाही. पण फोनमधला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच गिटमध्ये (फाइलींचा प्रत्येक बदल जपून ठेवणारी सिस्टिम) ढकलू नका. नंतर डिलीट केला तरी तो हिस्टरीत राहतो आणि रिपॉझिटरी फुगतच जाते. आधी लहान करा, मग कमिट (गिटमध्ये नोंद).

खरेदीची यादी फेब्रुवारीतच करा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ बरंच मिळतं, पण नेमका हवा तो मायक्रोकंट्रोलर मिळेल याची खात्री नाही, आणि बाहेरून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये किती दिवस बसेल ते कोण सांगणार? एक जास्तीचा घेऊन ठेवा.

कुंडी गच्चीवर असेल तर नळीचा जोड पीएलएमध्ये छापू नका. थ्रीडी प्रिंटिंगचं हे नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि प्रोजेक्ट तयार होतो नेमका मेच्या उन्हात. पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरा.