कुर्लीच्या पायातले स्पाइक ५० हर्ट्झच्या घुमण्यातून कसे सोडवावेत

समुद्री कुर्ली बर्फात सुन्न करा, चालायचा एक पाय सोडवा, टोकाकडचे सांधे तसेच ठेवून वरचा मज्जातंतू मोकळा करा आणि समुद्राच्या पाण्यात ठेवा. पाणी खाडीचं नको, पावसाळ्यात ते गोडं होत जातं. मज्जातंतूचं तुटलेलं टोक सक्शन इलेक्ट्रोडच्या काचेच्या नळीत ओढून घ्या. एवढं कोणालाही दुसऱ्या खेपेला जमतं.

रडवतो तो पुढचा भाग. स्क्रीनवर घरातल्या विजेच्या तारांतून येणारी ५० हर्ट्झची जाडजूड लाट (हेच ते घुमणं) आणि तिच्यात कुठेतरी बुडालेले जेमतेम १०० मायक्रोव्होल्टचे स्पाइक, म्हणजे मज्जातंतूतले विजेचे क्षणिक ठोके. मग कोणीतरी सांगतं, 'नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा) लाव.' नका लावू! ५० गेलं तरी १५० आणि २५० राहतात, शिवाय ट्यूबलाइटच्या चोकची कचकच वेगळीच. गोंगाट आत येऊच द्यायचा नाही, आणि त्यासाठीच डिफरन्शियल अॅम्प्लिफायर आहे.

त्याला प्लस, मायनस आणि ग्राउंड अशा तीन तारा. प्लसमधून मायनस वजा होतं, म्हणून दोन्हींवर सारखं आलेलं कटतं. मी अख्खं एक सत्र मायनस आणि ग्राउंड एकाच क्लिपला अडकवून बसलो होतो आणि दोष अॅम्प्लिफायरला देत होतो. मायनस ग्राउंडला बांधली की प्लसला जे ऐकू येतं ते तिला ऐकूच येत नाही. मग वजा काय होणार?

तारा वेगळ्या केल्या तरी घुमणं अर्धंच गेलं. त्याचं कारण कागदावर हिशेब केला तेव्हा कळलं. प्लस बारीक टोकाच्या नळीत, रोध समजा ५०० किलोओम. मायनस म्हणजे भांड्याच्या कोपऱ्यात सोडलेली जाड तार, तिचा रोध नगण्य. मीटरभर शील्डेड केबलची धारिता साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे ५० हर्ट्झला ग्राउंडकडे जायला ३२ मेगाओमची वाट. प्लसच्या बाजूला दीडेक टक्का फरक पडला. दोन्हींवर १० मिलिव्होल्टचं घुमणं असेल तर त्यातलं १५०-१६० मायक्रोव्होल्ट 'खरा सिग्नल' म्हणून आत शिरतं, स्पाइकपेक्षा मोठं. अॅम्प्लिफायरच्या आयसीचा सीएमआरआर (दोन्हींवर सारखं आलेलं कापायची ताकद) १०० डेसिबल, म्हणजे लाखात एकच भाग आत शिरेल इतका, असला तरी इथे तो काय करणार? फरक त्याच्याकडे पोचण्याआधीच पडलेला असतो.

म्हणून मायनसलाही तशीच नळी, तेवढंच टोक, मज्जातंतूच्या शेजारी पण त्याला न टेकता. नळ्यांतल्या दोन्ही चांदीच्या तारा एकाच रिळातल्या, एकत्रच ब्लीचमध्ये काळपट होईपर्यंत बुडवलेल्या. दोन्ही केबल वीतभर, एकमेकींना पीळ घातलेल्या. ग्राउंडची तार पाण्यात स्वतंत्र. पहिल्या टप्प्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा, १०च ठेवा (एडी ६२० हा अॅम्प्लिफायर आयसी असेल तर त्याला ५.४९ किलोओमचा रोधक), नाहीतर इलेक्ट्रोडचा डीसी ऑफसेट, म्हणजे त्याचं स्वतःचं स्थिर व्होल्टेजच, त्याला भरून टाकतो. कपॅसिटर आणि ३०० ते ३००० हर्ट्झचा फिल्टर त्यानंतर.

आणि ही तपासणी कुर्ली बर्फात जायच्या आधी करा. मज्जातंतूशिवाय दोन्ही नळ्या पाण्यात धरा, घुमणं काही मायक्रोव्होल्टवर यायला हवं. येत नसेल तर प्राण्याला हात लावू नका.

बाकी किरकोळ: अॅम्प्लिफायर बॅटरीवर, लॅपटॉपचा चार्जर काढून, जाळीचा पिंजरा एकाच जागी ग्राउंडला. भिंतीतल्या अर्थिंगवर विसंबू नका, जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असतो.

आता स्पीकर लावून पायाच्या टोकाला काडी टेकवा. पापड मोडल्यासारखी कडकड ऐकू आली पाहिजे.

काम संपलं की सगळे क्लिप गोड्या पाण्याने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिलिका जेलच्या डब्यात टाका. आळस केलात तर जूनमध्ये बीएनसीच्या (केबलच्या जोडाच्या) तोंडावर हिरवी पूड दिसेल, आणि तिच्यावरच्या ओलसर मिठातून झिरपणारा करंट दोन्ही बाजूंचा मेळ पुन्हा बिघडवेल.