ओटीजी नीट तापत नाही? आधी प्लग बघा, मग रॉड

संत्र्याचा केक वरून करपला आणि सुरी घातली तर मधोमध ओला लगदा निघाला, की दोष सहसा रेसिपीला जातो. रस जास्त पडला तर तसं होतंही. पण साधा रव्याचा केकही तसाच निघत असेल तर गडबड ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) आहे, किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत.

ओटीजी अजिबात तापतच नसेल तर आधी टायमर फिरवा. तो शून्यावर असला की बाकीची बटणं कशीही ठेवा, आतल्या तापणाऱ्या नळ्यांपर्यंत, म्हणजे रॉडपर्यंत, वीज जातच नाही. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ लावायचा असेल तर काटा आधी वीसपर्यंत न्या आणि मग मागे आणा, नाहीतर आतली स्प्रिंग नीट ताणली जात नाही.

त्यानंतर प्लग. १५०० वॉटचा ओटीजी २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपियर ओढतो. ६ अँपियरच्या छोट्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला हा भार झेपत नाही. अर्ध्या तासाने ओटीजी बंद करून, प्लग काढून त्याच्या पिनांजवळ हात न्या. चांगलीच धग जाणवली, प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं, तर सॉकेट बदला. १६ अँपियरचं, अर्थिंग असलेलंच हवं.

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक कारण असतं. पारा ४५ च्या घरात, संध्याकाळी घरोघरी कुलर आणि एसी सुरू, आणि व्होल्टेज खाली. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे २३० चे १९० झाले की १५०० वॉटचा ओटीजी जेमतेम १०२० वॉटचं काम करतो. अशा वेळी रेसिपीतली ३५ मिनिटं कशी पुरणार? उन्हाळ्यात केक सकाळीच करा. टीव्ही-फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर ओटीजी लावू नका, स्टॅबिलायझर जळू शकतो.

वीज ठीक असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारं बटण, तपासा. ओव्हनचा थर्मामीटर नसला तरी घरातली साखर पुरते, कारण ती १८६ अंशांच्या आसपास वितळते. एक चमचा साखर अॅल्युमिनियम फॉइलच्या वाटीत घालून मधल्या जाळीवर ठेवा. आधी ओटीजी १७५ वर १५ मिनिटं तापवा, मग साखर आत १५ मिनिटं. दाणे कोरडे राहिले पाहिजेत. नंतर नवी साखर घेऊन १९० वर तेवढाच वेळ. आता ती वितळायला हवी. १७५ लाच पाक झाला तर ओटीजी जास्त तापतोय, १९० लाही दाणे तसेच राहिले तर कमी. दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर बटण तेवढं मागेपुढे ठेवून काम भागतं, त्यासाठी थर्मोस्टॅट बदलायची गरज नाही.

केक फक्त खालून करपतो किंवा वरून पांढराच राहतो, तेव्हा एक रॉड गेलेला असू शकतो. बटण दोन्ही रॉडवर ठेवून पाच मिनिटांनी दोन्ही लाल झालेत का ते काचेतून बघा. काही ओटीजींत दोन रॉड सिरीजमध्ये (एकामागोमाग एकाच मार्गात जोडलेले) असतात, तिथे एक तुटला की दुसराही बंद पडतो. मल्टिमीटर वापरता येत असेल तर प्लग काढून, ओटीजी गार करून, मागचं पॅनेल उघडून रॉडची एक वायर सोडवा आणि रोध मोजा. २३० व्होल्टचा ७५० वॉटचा रॉड ७० ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर तो तुटलाय. नवा घेताना जुना रॉड दुकानात सोबत न्या, कारण लांबी, वॉट आणि टोकाची बैठक तिन्ही जुळावं लागतं.

जोडताना वायरला सोल्डर लावू नका. साधं सोल्डर १८३ अंशांपासूनच वितळू लागतं, जोड सैल होतो आणि ठिणग्या पडतात. क्रिम्प केलेलं (दाबून घट्ट बसवलेलं) टर्मिनल आणि फायबरग्लास आवरणाची वायरच वापरा.

पावसाळाभर बंद ठेवलेला ओटीजी लावला की घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, हेही बऱ्याचदा घडतं. रॉडच्या आत भरलेली भुकटी ओल धरते आणि करंट बाहेरच्या नळीत उतरतो. आरसीसीबी काढून किंवा अर्थिंग तोडून ओटीजी चालवणं जिवावर बेतू शकतं. दोन-तीन दिवस उन्हात उघडा ठेवा. तरीही पडला तर मेकॅनिककडून इन्सुलेशन तपासून घ्या.

नवा रॉड बसवल्यावर पहिली १५ मिनिटं ओटीजी रिकामा, खिडकी उघडी ठेवून चालवा. थोडा धूर आणि वास येईल, तो रॉडवरच्या तेलाचा असतो.