सोलापुरात जागतिक चित्रपटांचं सत्र भरवायचंय? आठ चित्रपट, त्यांचा क्रम आणि मांडणी

परदेशी चित्रपट दाखवायला घेतले की पहिल्या दिवशी साठ माणसं येतात, तिसऱ्याला बारा उरतात. दोष बहुधा चित्रपटांचा नसतो, क्रमाचा असतो. ज्यांना पडद्यावर वाचायची सवय नाही, त्यांच्यापुढे पहिल्याच संध्याकाळी अडीच तासांचा संथ चित्रपट ठेवला तर ती माणसं परत फिरकत नाहीत. आपल्याकडे तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसं एकाच सतरंजीवर बसतात. म्हणून सुरुवात कमी बोलणाऱ्या चित्रपटाने करायची, मग हळूहळू संवाद वाढवायचे आणि लांबी सगळ्यात शेवटी.

दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवा, पंधरा दिवसांनी एक. उन्हाळ्यात पंखे पूर्ण वेगाने फिरवावे लागतात आणि त्या घरघरीत संवाद बुडतात. शिवाय मे महिन्यात सात वाजून गेले तरी खिडकीतून उजेड येत राहतो. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत काही ठेवू नका, कोणी येणार नाही.

पहिला चित्रपट चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६, ८७ मिनिटं). यंत्राच्या पट्ट्यापुढे नट आवळत राहणारा कामगार सोलापूरला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी इथे १८७७ मध्येच उभी राहिली होती. मधे इंग्रजी मजकुराच्या पाट्या येतात. एका खणखणीत आवाजाच्या माणसाने त्या मराठीत वाचायच्या, पण आधी दोनदा तालीम करून, कारण पाटी काही सेकंदच टिकते.

दुसरा, इराणचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७, ८९ मिनिटं, दिग्दर्शक माजिद मजिदी). भावाकडून बहिणीचे बूट हरवतात आणि दोघं एकच जोड पाळीपाळीने वापरतात: तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची. सबटायटलची सवय लावायला याच्याइतका चांगला चित्रपट नाही, कारण एखादी ओळ सुटली तरी मुलांच्या चेहऱ्यावरून कथा कळते. फारसीतले ओळखीचे शब्दही मधूनमधून कानावर पडतात. शाळकरी मुलांना आवर्जून बोलवा.

तिसरा, ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ (१९५१, ८५ मिनिटं), इंग्लंडमधल्या कापड गिरणीवरचा विनोदी चित्रपट. एक संशोधक कधी न मळणारा, कधी न फाटणारा धागा शोधतो, आणि मालक, कामगार, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी म्हातारी, सगळेच त्याच्यावर उठतात. चादरी-टॉवेलच्या धंद्यातल्या माणसांना यातली गोम पहिल्या अर्ध्या तासात कळते. फक्त इंग्रजी फार भरभर आहे. ‘इंग्रजीच तर आहे’ म्हणून सबटायटल वगळले की सभागृह गप्प बसून राहतं. याला मराठी सबटायटल हवेतच.

चौथ्याला जपानच्या कुरोसावांचा ‘राशोमोन’ (१९५०, ८८ मिनिटं). सुरुवातीला एवढंच सांगा की एकच घटना चौघं चार तऱ्हांनी सांगणार आहेत; नाहीतर मागून आवाज येतो की तोच भाग परत लागलाय. यानंतरची चर्चा सगळ्यात रंगते. ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, ‘कोणाचं सांगणं खरं वाटलं?’ असं विचारा. पाचवा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७, ९६ मिनिटं): जवळजवळ सगळा एका खोलीत, नुसत्या बोलण्यावर चालणारा. ज्युरी म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगून टाका. याच कथेवरचा हिंदी ‘एक रुका हुआ फैसला’ अनेकांनी पाहिलेला असतो, त्याचा उपयोग होतो.

सहावा फ्रान्सचा ‘द वेजेस ऑफ फिअर’ (१९५३). धक्का बसला की फुटणारं नायट्रोग्लिसरीन दोन ट्रकमधून खराब रस्त्याने न्यायचं आहे. पण ट्रक निघायलाच जवळजवळ तास जातो, आणि नेमक्या त्या तासात लोक उठतात. आधीच सांगून ठेवा. कापलेल्या प्रतीही फिरतात, तेव्हा लांबी अडीच तासांच्या आसपास आहे ना ते तपासा. पुढे हलका श्वास म्हणून जपानच्याच मियाझाकींचा ॲनिमेशनपट ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८, ८६ मिनिटं), आणि शेवटी पुन्हा कुरोसावांचा ‘सेव्हन समुराई’ (१९५४, २०७ मिनिटं).

आता खोली. सोसायटीचा किंवा वाचनालयाचा चाळीस माणसांचा हॉल असेल तर आठ फूट रुंद पडदा आणि तीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर पुरतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा. सबटायटल तळाशी येतात आणि सपाट जमिनीवर पुढच्याचं डोकं बरोबर तिथेच आडवं येतं. ओळी दिसेनाशा झाल्या की दहा मिनिटांत कुजबुज सुरू होते. पुढच्या तीन रांगा सतरंजीवर, मागे खुर्च्या, त्याही एकीआड एक सरकवून. पांढरी चादर पडदा म्हणून लावणार असाल तर मागे गडद कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जातो. सुरकुती राहू देऊ नका.

टाइल्स आणि काँक्रीटच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. उपाय घरातच आहे: जाड सोलापुरी चादरी. सहा-सात चादरी मागच्या भिंतीवर आणि स्पीकरच्या समोरच्या भिंतींवर टांगा, दोन खिडक्यांवर. संवाद लगेच स्वच्छ होतात.

सबटायटलवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मराठी फाइल ‘यूटीएफ-८’ या अक्षरसंकेतात साठवा, अक्षरांऐवजी चौकोन किंवा चिन्हं दिसली तर चूक बहुधा तिथेच असते. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरांपेक्षा जास्त नको. पडद्यावर अक्षर अडीच इंच उंच हवं, नाहीतर शेवटच्या रांगेतून मात्रा आणि अनुस्वार दिसत नाहीत. ओळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागेपुढे असतील तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ कळांनी जुळतात. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे जास्तच मागे पडत असतील तर दुखणं वेगळं आहे: फाइल सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) प्रतीसाठी केलेली, तुमची प्रत २५ची. नव्वद मिनिटांत साडेतीन मिनिटांहून जास्त फरक पडतो. ‘सबटायटल एडिट’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून घ्या. कळा दाबत बसून हे सुटत नाही.

जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीतले असतात. पडदा भरावा म्हणून ते ताणू नका, माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

परवानगी लेखी घ्या. घरच्या ओटीटी वर्गणीवर किंवा विकत आणलेल्या डीव्हीडीवर जाहीर खेळ करता येत नाही. हक्क ज्याच्याकडे आहेत त्या वितरकाला दोन महिने आधी लिहा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, मॅक्स म्युलर भवन (जर्मन सांस्कृतिक केंद्र), आलियाँस फ्रान्सेझ (फ्रेंच सांस्कृतिक केंद्र) यांच्याकडे विचारणा करा. नियमित चालवायचं असेल तर फिल्म सोसायटी म्हणून नोंदणी करून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचं सदस्य होणं सोयीचं.

खेळाच्या आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच लॅपटॉपवर पूर्ण चित्रपट चालवून पाहा. पहिली दहा मिनिटं पाहून भागत नाही, डिस्क अडकते ती बहुधा शेवटाकडे. लॅपटॉपचं झोपणं आणि सूचना बंद करा, आवाज एचडीएमआयने भलतीकडे जात नाही ना ते बघा.

‘सेव्हन समुराई’ पाच वाजता सुरू करा. मध्यंतर मूळ चित्रपटातच आहे; तिथे वीस मिनिटं थांबून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चहा द्या, म्हणजे पावणेनऊपर्यंत लोक मोकळे होतात. मध्यंतरात प्रोजेक्टर बंद करू नका. दिव्याचा प्रोजेक्टर विझवला की थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही, दिव्याचं आयुष्यही घटतं. रिमोटवरच्या ‘ब्लँक’ कळीने फक्त चित्र काळं करा.