सिम चेक आणि दोन चपला

दर सहा महिन्यांनी प्रोफिशियन्सी चेक, म्हणजे सिममध्ये (सिम्युलेटर, विमानाचं नकली कॉकपिट) आम्हा वैमानिकांची परीक्षा, येतो आणि इतकी वर्षं विमान उडवूनही तारीख जवळ आली की माझे तळहात ओले होतात. तो घाम थांबवायच्या नादी मी आता लागत नाही. हातापायांना काम लावतो.

आठवडाभर आधी खारघरच्या आमच्या हॉलमध्ये प्लास्टिकची खुर्ची मांडतो. समोर भिंतीवर वाशीहून छापून आणलेला एअरबस ए३२० विमानाच्या कॉकपिटचा फ्लेक्स, पायाखाली दोन चपला. त्याच रडर पेडल, नाक डावी-उजवीकडे वळवणारी. व्ही-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर टेकऑफ सोडता येत नाही तिथे, डावं इंजिन गेलं, नाक डावीकडे ओढतंय, उजवी चप्पल दाबायची. सरळ ठेवायचं, रोटेट (नाक वर), साडेबारा अंश, ‘गिअर अप’ (चाकं आत). मग ४०० फुटांपर्यंत त्या बंद इंजिनाच्या भानगडीत पडायचं नाही. हेच सगळ्यात अवघड, कारण घाबरलेल्या हाताला काहीतरी दाबायचंच असतं. म्हणून मी तेव्हा ‘थांब, थांब’ असं खरंच म्हणतो. सराव मोठ्याने करा. मनातल्या मनात कोणीच अडखळत नाही. आई भाकरी थापता थापता विचारते, “अरे, आज कुठलं इंजिन गेलं?”

मी एकदा नापास झालोय. एका इंजिनावर आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांच्या आधाराने धावपट्टीकडे उतरणं, चालू होतं, वेग ७ नॉट्सनी खाली गेला. शेजारच्या वैमानिकाने ‘स्पीड’ म्हटलं, मी वेग सावरलाही, पण मनात ‘गेला चेक’ सुरू झालं. मिनिमम्सला, म्हणजे धावपट्टी दिसायलाच हवी त्या उंचीला, ती दिसली नाही; गो-अराउंड घेतला, उतरणं सोडून परत वर. शेजारचा ‘पॉझिटिव्ह क्लाइंब’ म्हणाला आणि ‘गिअर अप’ म्हणायचं सोडून मी गप्प! चाकं खालीच. वेगाचं कदाचित निभावलं असतं, चाकांचं कसं निभावणार?

तेव्हापासून चूक झाली की ती तिथल्या तिथे तोंडाने बोलतो: ‘स्पीड लो, करेक्टिंग’. शेजारच्यालाही कळतं, आणि माझ्यापुरता तो विषय तिथे मिटतो. पुढच्या प्रसंगासाठी परीक्षक सिम फ्रीझ करून विमान परत धावपट्टीवर नेऊन ठेवतो. ती फुरसत मागचं उगाळण्यात घालवू नका. पाठ टेकवा, ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, तीनदा. मग एकेक गोष्टीवर बोट ठेवून बोला: फ्लॅप्स, ट्रिम, वारा, इंजिन गेलं तर कुठे वळणार.

भीती घालवायला परस्पर गोळी घेऊ नका, आपल्या मेडिकलचा (उडायला फिट असल्याच्या सर्टिफिकेटचा) प्रश्न असतो. झोपच उडाली असेल तर विमानवैद्यकाच्या डॉक्टरांशी बोला.

सिम रात्रंदिवस चालतात. रात्री दोनचा स्लॉट मिळाला तर दुपारी झोपा, निघताना पोहे खा, रिकाम्या पोटी कॉफीवर जाऊ नका. क्यूआरएच, म्हणजे बिघाडाच्या वेळी काय करायचं त्याची पुस्तिका, आदल्या दिवशीच मिटवा. मी बॅगेत चपला मात्र टाकतो. हॉटेलच्या खोलीत निघायच्या आधी एकदा उजवी दाबून बघतो.