पथ्य पाळूनही पोट का बिघडतं? आयबीएसवाल्यांनो, या चुका टाळा

कांदा-लसूण सोडला, दूध बंद केलं, पोळीवरून भाकरीवर आलात, तरी सकाळी मुरडा येतोच आणि संध्याकाळी पोट ढोलासारखं फुगतं? मग आणखी चार पदार्थ सोडण्याआधी पथ्यात गळती कुठे आहे ते शोधा.

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याचा पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारा त्रास. त्यासाठी सध्या बहुतेक ठिकाणी लो-फॉडमॅप आहार सांगतात. तो मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात आकाराला आला. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध आणि काही फळांतली विशिष्ट कर्बोदकं, म्हणजेच फॉडमॅप, लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती आतड्यात पाणी ओढतात आणि पुढे मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचा गॅस करतात. गॅस सगळ्यांनाच होतो, पण आयबीएसमध्ये आतडं हळवं झालेलं असल्याने कळ येते.

तपासणीआधीच गहू सोडणे

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार. त्याची रक्ततपासणी रोज गहू खात असतानाच करायची असते. गहू सोडून काही आठवडे झाले की आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. शौचातून रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, पथ्य नंतर.

तर्रीतले चणे बाजूला काढणे

नागपुरात सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पोहे तांदळाचे, त्यामुळे चालतात. शेंगदाणे मूठभर असतील तर तेही चालतात. मग चणे वेचून ठेवायचे आणि वरून तर्री, म्हणजे चण्यांचा तिखट रस्सा, घ्यायची! पण त्रास देणारा घटक पाण्यात विरघळतो. कांदा, लसूण आणि चणे रश्श्यात शिजले की तो रश्श्यात उतरतोच, गाळून घेतलं तरी राहतो. सावजी रस्सा, पाटोडी रस्सा यांचंही तेच. त्यात तेल आणि तिखट भरपूर. ही दोन्ही फॉडमॅपमध्ये मोडत नाहीत, तरी हळव्या आतड्यात कळ आणतात, म्हणून फक्त कांदा वगळलेला सावजीही त्रासदायक ठरू शकतो.

तेलात मात्र हा घटक उतरत नाही. लसणाच्या 4-5 अख्ख्या पाकळ्या तेलात मंद आचेवर तांबूस करा, सगळ्या काढून टाका आणि मगच मोहरी, जिरं घाला. पाकळ्या तेलात असताना पाणी किंवा टोमॅटो पडला तर सगळं वाया. हे तेल त्या दिवसापुरतंच करा. लसूण घातलेलं तेल ओट्यावर ठेवून दिलं तर त्यात घातक जंतूंचं विष तयार होऊ शकतं. कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग वापरा, खालचा पांढरा गड्डा नको. हिंगाला घाबरू नका. त्यात मैदा असला तरी चिमूटभराने आयबीएसवाल्याला सहसा फरक पडत नाही. सिलिअ‍ॅक असेल तर मात्र पडतो.

भाकरी बरोबर, कालवण चूक

ज्वारीची भाकरी उत्तम. चक्कीवर आधी गहू दळला होता का, याची काळजी आयबीएसपुरती नको. पण तिच्याबरोबर वाटीभर झुणका घेतला की बेसन आलंच. पाकीटबंद ‘मल्टिग्रेन’ आट्यात बहुतेक वेळा गहू, चणा, सोयाबीन असतं, तेव्हा मागची यादी वाचा.

प्रमाण न मोजणे

एक संत्रं बहुतेकांना सोसतं. ग्लासभर रसात चार-पाच संत्री जातात, तो सोसत नाही. दुधाच्या चहाचंही तसंच: एक कप निभावतो, दिवसभरात सहा झाले की अर्ध्या लिटरच्या आसपास दूध पोटात गेलं. उन्हाळ्यातला मोठा ग्लासभर मठ्ठा आणि आमरस एकाच जेवणात आले की बेरीज आणखी वाढते.

महिनोन्‌महिने सगळं बंद ठेवणे

ही सर्वांत महागडी चूक. कडक टप्पा 2 ते 6 आठवड्यांचाच असतो. तो लांबवला तर आहारातून तंतू आणि कॅल्शियम कमी होतं, आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंचं खाद्यही तुटतं. आराम पडला की एकेक गट परत आणा, बाकी पथ्य तसंच ठेवून. दूध पहिल्या दिवशी पाव कप, मग अर्धा, मग एक कप. गव्हासाठी अर्धी पोळी, एक, दोन. लसणाची पाव पाकळी, अर्धी, एक. मध्येच त्रास झाला तर थांबा. दोन गटांमध्ये 2-3 दिवस मोकळे सोडा. दूध आणि पोळी एकदम सुरू केली तर दोषी कोण ते कळणारच नाही. त्रास कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतो, म्हणून शेवटच्या घासाला दोष देण्याऐवजी वहीत पदार्थ, प्रमाण आणि वेळ लिहा. 6 आठवडे नीट पाळूनही काहीच फरक नसेल तर हा आहार तुमच्यासाठी नाही. तो सोडा आणि डॉक्टरांशी पुढचं बोला.

पोट बिघडलेल्या दिवशी उपाशी राहणे

उपास करून संध्याकाळी एकदम भरपेट जेवलात की मुरडा हमखास. त्याऐवजी दर 3-4 तासांनी थोडा मऊ भात, चमचाभर तूप, मीठ, उकडलेलं गाजर किंवा बटाटा घ्या. जुलाब असतील तर ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच कालवा, विशेषतः मे महिन्यात. बद्धकोष्ठ असेल तर गव्हाचा कोंडा नको, त्याने गुबारा वाढतो. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, प्रत्येक वेळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, आणि आठवड्याने वाढवा.