ऑनलाइन एमएला फॉर्म भरताय, संस्कृत किंवा हिंदू स्टडीजला? या चुका टाळा

आपल्याकडची पोरंपोरी संस्कृतात अडकत नाहीत, नावात अडकतात. माझंच सांगते ना. मार्कशीटवर आडनाव आधी आणि तेही माहेरचं, आधारवर नाव आधी आणि आडनाव सासरचं. आता डिस्टन्स किंवा ऑनलाइनला ॲडमिशन घ्यायचं तर २०२४ पासून यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा, म्हणजे डेबचा (डीईबी) आयडी लागतो, त्याच्यासाठी आधी डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (तुमच्या क्रेडिट्सच्या खात्याचा नंबर), आणि तो उचलतो आधारवरचं नाव. म्हणजे फॉर्मवर एक बाई अन् मार्कशीटवर दुसरीच! मी शेवटच्या आठवड्यात फॉर्म उघडला होता, ते सेशन गेलंच. म्हणून लग्नाचा दाखला किंवा नाव बदलल्याचं गॅझेट आधीच हातात ठेवा, ॲडमिशन सुरू व्हायची वाट बघू नका.

दुसरं, डिग्री आणि सर्टिफिकेट यातला फरक न बघता पैसे भरणं. ऑक्सफर्ड सेंटर फॉर हिंदू स्टडीजचे ऑनलाइन कोर्स केले म्हणजे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीचं एमए झालं असं नाही. फ्लोरिडातल्या हिंदू युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकासारख्या बाहेरच्या डिग्रीवर इथे नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, द्यायची असेल (हिंदू स्टडीज हा नेटला आता वेगळा विषयच आहे) तर ती इथल्या एमएच्या बरोबरीची धरतात का ते फी भरायच्या आधी विचारा, नंतर नाही. भारतातली युनिव्हर्सिटी असेल तर यूजीसीच्या डेबच्या साइटवर युनिव्हर्सिटीचं नाव, तुमचाच कोर्स आणि तेच सेशन, तिन्ही जुळलं पाहिजे, नुसती युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त असून भागत नाही. आणि रीतसर मान्यता असेल तर ऑनलाइन डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ लाच स्पष्ट केलंय, "ऑनलाइनला कोण विचारतं भो" म्हणणाऱ्या काकांना हे दाखवा. कोणी ऑनलाइन पीएचडी देतो म्हणाला तर मात्र नमस्कार करून निघा, त्याला मान्यताच नाही.

माध्यम बघा. इग्नूचं हिंदू स्टडीजचं एमए हिंदीतून आहे, पेपर मराठीत लिहीन म्हणून चालायचं नाही. आणि दहावीला संस्कृतात ९८ पडले म्हणून थेट संस्कृत एमएला उडी मारणारे पण खूप, ते मार्क "रामः रामौ रामाः" घोकून पडलेले असतात, एखादा न पाहिलेला उतारा घ्या, संधी सोडवत वाचून बघा, घाम फुटला तर आधी एखादा सर्टिफिकेट कोर्स करा, कमीपणा काही नाही त्यात.

आता एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन. दहातले नऊ जण लिहितात की आपली संस्कृती महान आहे, लहानपणी आजी श्लोक म्हणायची, म्हणून मला शिकायचंय. अरे पण तुला शिकायचंय काय? वाचणाऱ्याला तुमचा प्रश्न हवा असतो, आणि प्रश्न आपल्या घराजवळच पडलेले असतात. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख घ्या, शके ११२८ चा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची नोंद आहे त्यात. बराचसा संस्कृतात, आणि शेवटी बाजारातल्या मालावर मठाला काय द्यायचं ते आलं की भाषा होते मराठी. असं का? राजाची वंशावळ एका भाषेत आणि बाजाराचा हिशेब दुसऱ्या भाषेत, हे लिहिणाऱ्याने कुणासाठी ठरवलं? एवढ्या चार ओळींचा एसओपी आजीच्या पानभर आठवणींपेक्षा भारी. (आजीला एका वाक्यात ठेवा, काढू नका.)

एसओपी टाइप करायला डीटीपीवाल्याकडे गेलात तर "युनिकोडमध्येच पाहिजे" हे दोनदा सांगा. त्याच्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेव असतो, स्क्रीनवर छान दिसतं, आणि फॉर्मच्या चौकटीत पेस्ट केलं की माय वं, सगळी चित्रलिपी! शिवाय बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांत संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहितात ते डोक्यावर रेघ, खाली टिंब देऊन. तिथे न आणि ण, श आणि ष एकाच अक्षराने लिहिलेत तर लगेच कळतं की याला सवय नाही. अशी अक्षरं टाइप करायचा कीबोर्ड फुकट मिळतो, दोन दिवसात हात बसतो.

शिफारसपत्र सरांच्या कॉलेजच्या ईमेलवरून जाऊ द्या आणि सरांना महिनाभर आधी सांगा, परीक्षेच्या सुपरव्हिजनमध्ये गाठू नका. फी भरताना पैसे कटले आणि पावती नाही आली तर लगेच परत भरू नका, एक दिवस थांबून स्टेटस बघा.

शेवटचं वेळेचं. फ्लोरिडात सोमवारी संध्याकाळी ७ चा क्लास म्हणजे आपल्याकडे मंगळवारी पहाटे ४:३०, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की ५:३०, ते मार्चपर्यंत. माझी एक मैत्रीण पहिल्या लेक्चरला सोमवारी पहाटे उठून बसली होती, एकटीच. आणि आपल्या भागात पहाटे लाइट असेलच असं नाही, राउटरला छोटा यूपीएस लावून घ्या.